नेम चुकल्याचा एक पॉइंट

सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि मैदानाबाहेर नऊ माणसं मेलेली बसली होती. दहावा मी. त्या खेळाचा कोच मीच. अख्ख्या सातारा जिल्ह्यात तो खेळ येणारा मी एकटा, आणि मीच अंगभर हळद लावून धुळीत मरून बसलो होतो. शेजारी खुर्चीत संस्थानचे दिवाणसाहेब होते. त्यांनी मान न वळवता हळूच विचारलं, "नाईक, हे असंच असतं का?"

"असंच असतं, साहेब."

लष्करात मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. साहेबाला पहिलं उत्तर 'हो' द्यायचं. खुलासा नंतर करता येतो.

तो खुलासा आता करतो.

मी मूळचा कुंडलकडचा. दुसऱ्या महायुद्धात मोटार कंपनीत ड्रायव्हर होतो, हुद्दा नाईक. पॅलेस्टाईनमध्ये आमच्या शेजारीच ऑस्ट्रेलियन पलटणीचा कँप होता. ही मंडळी रविवारी त्यांच्या देशातला फुटबॉल खेळायची. आपण समजतो तो फुटबॉल नव्हे. यातला चेंडू तोंडल्याच्या आकाराचा, पण नारळापेक्षा मोठा. एकेका बाजूला अठरा माणसं. चेंडू लाथेनं उडवायचा, हातात घेऊन पळायचंही, मात्र थोड्या थोड्या पावलांवर तो एकदा जमिनीवर आपटून घ्यायचा. दुसऱ्यानं उडवलेला चेंडू हवेतच झेलला, तर शिट्टी होते आणि झेलणाऱ्याला निवांत उभं राहून किक मारू देतात. तेवढा वेळ त्याला कोणी हात लावायचा नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, त्याचे सहा पॉइंट. नेम चुकून कडेच्या फटीतून गेला, तरी एक पॉइंट. चुकल्याबद्दलही माणसाच्या हातावर काहीतरी ठेवणारा दुसरा खेळ मी पाहिला नाही. मला तो आवडला तो त्यामुळेच.

मला त्यात ओढलं कॉर्पोरल जॅकनं. हा मेलबर्नचा. तिकडे या खेळाचे मोठे क्लब असतात आणि खेळाडूला मॅचमागे पैसे मिळतात. जॅकनं सात वर्षांत पाच क्लब पाहिले होते. प्रत्येक क्लबनं त्याला घेतलं, एक-दोन मोसम वापरलं आणि नारळ दिला. एका रविवारी त्यांच्या टीममधला एकजण तापानं पडला. मी लॉरीच्या टपावरून उडी मारताना जॅकनं पाहिलं आणि दंडाला धरून मला मैदानात नेलं. मी म्हणालो, मला खेळता येत नाही. तो म्हणाला, "टीममध्ये चांगले खेळणारे दोघं-तिघंच असतात. बाकी टीम हजर राहणाऱ्यांची असते. तू हजर आहेस."

त्यानंतर वर्षभरात मी सात टीमकडून खेळलो. सिग्नलवाले, हॉस्पिटलवाले, एकदा तर नुसते आचारी. ज्याला माणूस कमी, त्याचा मी. गावाकडे पैऱ्याचा बैल असतो, आज या रानात तर उद्या त्या रानात, तशी माझी गत. एकूण कमाई दोन गोल आणि अकरा चुकलेले नेम. निरोप देताना जॅकनं मला एक जुना चेंडू दिला. आमच्या कॅप्टननं माझ्या डिस्चार्ज बुकात 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो' असं गमतीनं लिहून टाकलं. त्या एका ओळीनं पुढचं सगळं झालं.

युद्ध संपलं, मी घरी आलो आणि नोकरीतही माझा पैऱ्याचा बैलच झाला. खंडाळ्याला पेट्रोलच्या डेपोवर चार महिने. साताऱ्यात एका डॉक्टरांच्या मोटारीवर तीन. सांगलीत सर्व्हिस मोटारीवर दोन. सगळं टेंपररी. दर वेळी बायको, म्हणजे सरू, बिऱ्हाड घेऊन यायची, चूल मांडायची आणि दोन-चार महिन्यांत मोडायची. तिसरी चूल मोडली तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं भांडी पोत्यात भरली, पोत्याचं तोंड शिवलं आणि म्हणाली, "आता पर्मनंट झालासा की सांगावा धाडा. तवर मी कुंडललाच हाय."

चार वर्षं मी लढाईवर असताना ती एकटी राहिली होती. आता नवरा जिल्ह्यातच होता आणि तरी ती एकटीच. मला रात्रंदिवस त्या शिवलेल्या पोत्याची लाज वाटायची.

अशात दिवाणसाहेबांचं बोलावणं आलं. सांगलीच्या आसपास तेव्हा लहान-मोठी संस्थानं होती, त्यातलंच हे एक. नाव सांगत नाही, ते आता नकाशावर नाही. दिवाणसाहेब मूळचे वाईचे, बोलणं मोजकं. समोर माझं डिस्चार्ज बुक उघडं, नोकरीच्या अर्जाबरोबर मीच धाडलेलं.

"नाईक, पुढच्या महिन्यात मिस्टर पार्कर नावाचे इंजिनिअर येत आहेत. कृष्णेवर पंप बसवायची आपली योजना आहे. त्यांच्या रिपोर्टवर ती अवलंबून. ते ऑस्ट्रेलियाचे आहेत."

"जी."

"शेजारच्या संस्थाननं त्यांना कुस्त्या दाखवल्या, शिकार दाखवली. आपण त्यांना त्यांचाच राष्ट्रीय खेळ दाखवू. माणूस विरघळलाच पाहिजे. तीन आठवडे आहेत. जमलं, तर क्रीडा निदेशकाची जागा रिकामी आहे. क्वार्टरसह."

"टेंपररी, साहेब?"

"पर्मनंट."

मी होकार दिला. छत्तीस माणसं कुठून आणणार, हे बाहेर आल्यावर सुचलं. संस्थानचं सैन्य बँडवाले धरून बावीस, त्यातले निम्मे साठीचे. शेवटी सांगलीच्या पेठेत गेलो. हळदीच्या आणि गुळाच्या अडतीवरचे हमाल हुतूतूत पंचक्रोशीला भारी होते. त्यांचा पुढारी तात्या मुकादम. दोन मणांचं पोतं पाठीवर असताना बिडी पेटवणारा गडी. खेळ ऐकून तो म्हणाला, "लाथा मारायच्या, पळायचं, धरायचं, आन् वर जेवण? मग इचारताय काय?"

टीम पाडायला अडचण आली नाही. हळदवाले एकीकडे, गूळवाले दुसरीकडे. हळदवाले मुळातच पिवळेधमक असल्यानं जर्सीचा प्रश्न मिटला. गूळवाले त्यांच्यामागे फिरणाऱ्या माश्यांवरून लांबून ओळखू यायचे.

नदीकाठच्या मैदानावर शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी मी चेंडू उंच उडवला आणि ओरडलो, "झेला!" खाली उभ्या असलेल्या हमालानं वर पाहिलं, अंदाज घेतला, पाठ फिरवली, कंबरेत वाकला आणि चेंडू बरोबर मानेवर घेतला. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. वरून काही आलं की ते पाठीवर घ्यायचं, ही वीस वर्षांची सवय. हातानं झेलायला शिकवण्यात माझा पहिला आठवडा गेला.

दुसऱ्या आठवड्यात खरी अडचण कळली. गुळाच्या गड्यानं हळदीच्या गड्याला चेंडूसकट कवेत घेतलं. मी म्हटलं, शाबास. तोवर धरलेला गडी उठला, धूळ झटकली आणि चालत चालत रेघेबाहेर जाऊन बसला.

"अरे, खेळ की!"

"कसा खेळू? मेलो न्हवं का मी?"

हुतूतूत हात लागला की माणूस मेला. मेलेला बाहेर बसतो. त्याच्या गड्यांनी पराक्रम केला, तर तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. हे यांच्या रक्तात. मी तात्याला बाजूला घेतलं.

"तात्या, या खेळात कोणी मरत नाही. धरलं तर चेंडू सोडायचा आणि पुढं खेळायचं."

"कुणीच मरत न्हाई?"

"कुणीच नाही."

"आवं मास्तर, मग खेळायचं कशाला?"

तरी त्यानं माझ्या शब्दाखातर सगळ्यांना दम भरला. तिसऱ्या आठवड्यात एकही माणूस मेला नाही. मी निश्चिंत झालो. ही माझी चूक. प्रॅक्टिसला पब्लिक नसतं, हे मी विसरलो.

सामन्याच्या सकाळी मैदानावर गेलो, तर माझ्या खांबांना आंब्याचे टहाळे आणि केळीचे खुंट बांधलेले. चार खांब रोवलेत म्हटल्यावर गावानं मांडवच धरला होता. दोन सुवासिनी उंच खांबाला हळदकुंकू लावत होत्या. भटजी विचारायला आले, मुहूर्तमेढ यातली कुठली? गोल झाल्याची खूण म्हणून पांढऱ्या कोटातल्या माणसानं दोन निशाणं हलवायची असतात. त्या जागी दिवाणसाहेबांनी दरबारचा चोपदार दिला होता, पागोटं आणि चांदीच्या काठीसह.

दुपारी पाहुणे, म्हणजे पार्करसाहेब, आले. लालबुंद, गुडघ्यापर्यंतचे मोजे, स्वभावानं बरे. गर्दी दोन हजारांची असेल. तेवढ्यात तात्या आला.

"मास्तर, एक गडी कमी हाय. हळदीची गाडी आली, भिमाला अडतीवर थांबवलाय."

मी माणसं मोजली. सतरा. सात टीम झाल्या, ही आठवी. मी शिट्टी चोपदाराकडे दिली आणि अंगरखा उतरवला. "असं पांढरं कसं चालंल?" म्हणत तात्यानं माझ्या तोंडाला, दंडाला, पाठीला मूठ-मूठ हळद फासली. मी वळलो, तर गर्दीच्या पहिल्या रांगेत सरू. भावाच्या गाडीतून नोकरी खरी की खोटी ते बघायला आलेली. तिनं मांडव पाहिला, हळद पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"दुसरं लगीन लावताय व्हय?"

"मॅच आहे," मी म्हणालो. चोपदारानं शिट्टी फुंकली.

पहिल्याच मिनिटाला एका हळदवाल्याला गुळानं धरलं. गड्यानं चेंडू सोडला, पुढं निघाला. शिकवल्याप्रमाणे, बरोबर. आणि पब्लिक उसळलं. "मेला! मेला! भाईर हो! लाज न्हाई का रं?" ज्याच्या आळीतल्या पोरीबाळी बघतायत, असा माणूस मेल्यावर आत कसा थांबणार? त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि बाहेर जाऊन बसला. त्याच्यामागोमाग दुसरा, तिसरा. मी चेंडू काखेत घेऊन ओरडत पळत होतो, "उठा, उठा, नियम तसा नाही!" तेवढ्यात गुळाच्या एका गड्यानं मागून माझं मनगट धरलं. दोन हजार लोक ओरडले, "मास्तर मेला!"

मी थांबून राहिलो. वाद घालायला तोंड उघडलं. सरू पदर तोंडाला लावून बघत होती. मी मुकाट बाहेर आलो.

तेव्हा दिवाणसाहेबांनी तो प्रश्न विचारला होता.

बाहेर बसल्यावर मला जास्त चांगलं दिसायला लागलं. या लोकांनी चालता चालता नवा कायदा केला होता. चेंडूवाल्याला धरलं की तो मेला. गोल झाला की सहा पॉइंट, म्हणजे सहा गडी जिवंत. नेम चुकून कडेनं गेला की एक पॉइंट, म्हणजे एक गडी जिवंत. कोणाला उठवायचं ते पुढाऱ्यानं सांगायचं. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण दोन्ही टोळ्यांना, चोपदाराला आणि सगळ्या पब्लिकला ते एकदम पटलं होतं. चोपदार तर गोल झाला की निशाणं हलवून दरबारी आवाजात ललकारी द्यायचा, "सहा असामी जिवंत हो!" आणि सहा हमाल धुळीतून उठून आत धावायचे. तंटा नाही, की हुज्जत नाही. मी वर्षभर गोऱ्यांचे सामने पाहिले, त्यात रेफरीला शिव्या न घालता गेलेलं एक मिनिट आठवत नाही.

पण मला हे बघून सुख कसलं? माझी पर्मनंट नोकरी समोर मरत होती. पाहुणे खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते, कपाळाला आठ्या. त्यांच्या देशाचा खेळ आम्ही हमालांच्या हातून मातीत घालत होतो. मी मनातल्या मनात सांगलीच्या मोटारस्टँडवर परत उभा राहिलो.

कचेरीचा पाचचा टोल पडला की सामना संपणार होता. दोन-तीन मिनिटं उरली तेव्हा गुळाचे तीन गोल आणि एक चुकलेला नेम, एकोणीस. हळदीचे तीन गोल, अठरा. गुळाचे पाच गडी आत होते. हळदीचा एकटा तात्या.

तात्यानं चेंडू काखेत धरला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि दम धरून "हुतुतुतुतु" करत सुटला. पाच जण मागे. एकाला हुलकावणी, दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी, मधेच आठवण होऊन त्यानं चेंडू एकदा जमिनीवर आपटलासुद्धा. माझे डोळे भरून आले. तेवढं एक तरी शिकवलेलं लागू पडलं होतं. खांबांजवळ दम सुटता सुटता त्यानं लाथ घातली. चेंडू उंच खांबाला चुकवून कडेच्या फटीतून गेला. एक पॉइंट. एकोणीस-एकोणीस.

"एक असामी जिवंत हो!"

तात्यानं बाहेर बसलेल्या सोळा हमालांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मास्तर, उठा!"

मी उठलो. नेम चुकल्यावर चेंडू समोरच्या टोळीनं खांबांतून परत उडवायचा असतो. गुळाच्या गड्यानं घाईत लाथ मारली, ती वरच्यावर गेली. चेंडू माझ्याच डोक्यावर येत होता. मी लॉरीच्या टपावरून मारायचो तशी उडी मारली, फक्त उलटी, खालून वर, आणि झेलला. चोपदारानं शिट्टी मारली. हा एक नियम त्यांनी मोडला नव्हता, कारण झेललेल्या चेंडूपुढे ते पोतं उचललेल्या गड्यापुढे थांबल्यासारखे आपोआप थांबत. पाचचा टोल पडला, पण हातात आलेली किक मारू देतात.

समोर उंच खांब, पंचवीस पावलांवर. केळीच्या खुंटांमधून कोणीही घातला असता. मी लाथ मारली.

चुकली. कडेनं गेली. एक पॉइंट.

वीस-एकोणीस. हळदवाल्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि तसंच खुर्च्यांपुढे नेऊन उतरवलं. दिवाणसाहेब पाहुण्यांना इंग्रजीत विचारत होते, "आपला राष्ट्रीय खेळ आमच्या लोकांनी कसा केला?"

"माझा?" पार्करसाहेब गोंधळले. "माझा खेळ कसा? मी सिडनीचा. आमच्याकडे रग्बी. असलं काही मी जन्मात पाहिलेलं नाही. माणसं मरतात काय, उठतात काय! किती जुना आहे हा खेळ?"

जॅकनं मला दहादा सांगितलं होतं, हा खेळ मेलबर्नकडचा, सिडनीवाले याला नाकं मुरडतात. आमच्याकडे नवा माणूस दिसला की पाणी देण्याआधी विचारतात, गाव कुठलं? या माणसाला मात्र मीही विचारलं नाही, दिवाणसाहेबांनीही नाही. गोरा म्हणजे एकाच गावचा, असं आम्ही धरून चाललो.

दिवाणसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वाईच्या माणसाची ती नजर अजून आठवते. खरं सांगावं, तर संस्थानची फजिती. खोटं सांगावं, तर मला ते नीट जमत नाही. सरू दहा पावलांवर उभी होती.

"फार जुना, साहेब," मी म्हणालो. पहिलं उत्तर हो.

"आणि ही हळद? तो मांडव?"

मग मी खुलासा केला. गड्याला हळद लावून आत सोडतात. हात लागला की तो मरतो. सोबत्यानं पराक्रम केला की उठतो. पराक्रम फसला, तरी एकजण उठतोच. त्या संध्याकाळपुरता यातला शब्दन् शब्द खरा होता. पार्करसाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं, तात्याचा हात हातात घेतला आणि जाताना स्वतःच्या मोज्यांना लागलेली हळद झटकली नाही.

पंप काही आले नाहीत. ते नदीच्या खडकामुळे, खेळामुळे नाही. माझी ऑर्डर मात्र आठवड्यात आली. 'क्रीडा निदेशक' खोडून वर दिवाणसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'निदेशक, प्राचीन देशी खेळ. पर्मनंट.' जॅकचा चेंडू सरकारी कपाटात जमा झाला, पुरातन वस्तू म्हणून. दीड-दोन वर्षांत संस्थान विलीन झालं, दिवाणसाहेब वाईला गेले, पण पर्मनंट माणसाला कोण हलवणार? नव्या सरकारनं मला तसाच उचलून घेतला.

या सगळ्यातला धडा एवढाच, की पाहुण्याला आधी गाव विचारावं. आणि पाहुणा खूश झाला असेल, तर मग विचारूच नये.

ऑर्डर आली त्या दिवशी सरूनं क्वार्टरमध्ये पोत्याची शिवण उसवली. चौथी चूल पेटली. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "त्या दिशी समद्यास्नी दिसत हुतं, मधल्या खांबांतनं मारायचं. तुमी कडंनं का मारला?"

"चुकला."

"चुकला आन् जितलासा?"

"होय."

"आन् पर्मनंट झालासा?"

"होय."

ती पोट धरून हसली. लढाईवर गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं डोळे पुसले, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मग आता कायबी बरुबर करू नगा."